जहाजाच्या यादीतली नावं
पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या जर्मन घराण्यांचा माग कसा काढतात?



आपल्यापैकी बरेच जण लँकेस्टरला जाऊन आमिश लोकांच्या काळ्या घोडागाड्या पाहून आले आहेत. जाताना रस्त्यावरच्या पाट्या वाचल्या असतील, तर मॅनहाइम, हायडेलबर्ग, हॅनोव्हर, जर्मनटाउन अशी नावं दिसली असतील. ही सगळी नावं जर्मनांशी जोडलेली आहेत. इथले लोक या मंडळींना 'पेनसिल्व्हेनिया डच' म्हणतात, पण ती हॉलंडची डच माणसं नव्हेत. जर्मन माणूस स्वतःला 'डॉइच' म्हणतो, आणि त्या काळच्या इंग्रजीत जर्मनांनाही 'डच' म्हणत.

तुमच्या वर्गात मिलर, स्नायडर, योडर, हूवर, फॉक्स अशा आडनावांची मुलं असतील. त्यांतल्या कितीतरी जणांचे पूर्वज अमेरिका हा देश जन्माला येण्याच्या आधी इथं आले. शाळेत 'फॅमिली ट्री' काढायला सांगतात तेव्हा त्या मुलांना आठ-नऊ पिढ्या मागं जावं लागतं. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी आलेला शेतकरी नेमक्या कुठल्या खेड्यातून आला, हे आज कसं शोधून काढतात? हे काम एखाद्या गुप्तहेराच्या कामासारखं आहे, आणि त्यातून आपल्यालाही शिकण्यासारखं बरंच आहे.

आले कोण आणि का?

विल्यम पेन याला १६८१ साली इंग्लंडच्या राजाकडून ही वसाहत मिळाली. कुठल्याही पंथाच्या माणसानं इथं यावं आणि आपापल्या पद्धतीनं देवाची प्रार्थना करावी, असं त्यानं जाहीर केलं. ते ऐकून ऱ्हाइन नदीकाठच्या क्रेफेल्ड गावची तेरा कुटुंबं 'काँकॉर्ड' नावाच्या जहाजातून ६ ऑक्टोबर १६८३ रोजी फिलाडेल्फियाला उतरली. फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस हा विद्वान वकील त्यांच्या थोडा आधी, ऑगस्टमध्ये, पोचला होता. या सर्वांनी मिळून जर्मनटाउन वसवलं. याच गावात १६८८ साली चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध केला. इंग्रजांच्या अमेरिकन वसाहतींतला तो अशा प्रकारचा पहिला निषेध मानतात.

मोठी लाट त्यानंतर आली. त्या वेळी जर्मनी असा एक देश नव्हता. तो १८७१ साली झाला. त्याआधी तिथं शेकडो लहानमोठी संस्थानं होती. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात त्यांतला पुष्कळ मुलूख उजाड झाला. पुढं १६८९ साली फ्रेंच सैन्यानं श्पायर, वर्म्स, मॅनहाइम ही शहरं जाळली. १७०९ च्या हिवाळ्यात तर अशी थंडी पडली की द्राक्षांचे वेल आणि फळझाडं मरून गेली. त्यावर कर वाढत होते, आणि बापाची जमीन मुलांत वाटता वाटता तुकडा उरत होता. मग माणसं निघाली.

त्या १७०९ साली सुमारे १३ हजार जर्मन माणसं लंडनला येऊन थडकली. राणी ॲनच्या सरकारनं त्यांतल्या सुमारे तीन हजार जणांना १७१० साली न्यूयॉर्क वसाहतीत पाठवलं. हडसन नदीकाठच्या पाइन वृक्षांपासून आरमारासाठी डांबर काढायचं आणि प्रवासाचं कर्ज फेडायचं, अशी ती योजना होती. डांबराचं काही जमलं नाही आणि माणसं पांगली. काही स्कोहारीच्या खोऱ्यात गेली, काही १७२३ पासून पेनसिल्व्हेनियातल्या टल्पहॉकनला आली.

त्यानंतर १७७५ पर्यंत फिलाडेल्फिया हेच जर्मनांचं मुख्य बंदर राहिलं. वसाहतींच्या काळात एकंदर किती जर्मन आले याचे इतिहासकारांचे अंदाज ८५ हजारांपासून एक लाखाच्या वरपर्यंत जातात. १७९० साली अमेरिकेची पहिली शिरगणती झाली, तेव्हा पेनसिल्व्हेनियातला साधारण दर तिसरा माणूस जर्मन वंशाचा होता.

पहिला नियम: आजपासून मागं

नवखा माणूस काय करतो? जहाजाच्या जुन्या यादीत आपल्या आडनावाचा माणूस शोधतो आणि म्हणतो, 'हाच आमचा मूळपुरुष!' हे चूक आहे. वंशावळ नेहमी आजपासून मागं न्यायची असते. आधी आपण, मग आईवडील, मग आजीआजोबा, अशी एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला कागदाचा पुरावा.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातल्या कथा जपाव्यात, पण तपासून घ्याव्यात. अमेरिकेत घरोघरी 'आमचे तीन भाऊ जहाजातून आले, एक उत्तरेला गेला, एक दक्षिणेला आणि एक पश्चिमेला' अशी गोष्ट सांगतात. इतक्या घरांत तीनच भाऊ कसे आले असतील? 'आमचं नाव एलिस आयलंडवर बदललं' हेही नेहमी ऐकू येतं. पण एलिस आयलंडचं केंद्र १८९२ साली उघडलं. १७५० साली आलेल्या माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

अमेरिकेतले कागद

समुद्र ओलांडण्याआधी इथलेच कागद पाहून घ्यायचे. ते असे:

१. थडग्यावरचे दगड. जर्मन कुटुंबांच्या दगडांवर पुष्कळदा जन्मतारीख नसते, पण मृत्यूची तारीख आणि वय असतं, तेही वर्षं, महिने, दिवस असं. वजाबाकी केली की जन्मतारीख निघते.

२. मृत्युपत्रं आणि जमिनीची दप्तरं. पेनसिल्व्हेनियात जमीन घेताना आधी हुकूम, मग मोजणी, मग पक्की सनद असे तीन टप्पे होते. हे कागद हॅरिसबर्गच्या राज्य दप्तरखान्यात आहेत. जिल्हा पाहताना सांभाळायचं, कारण जिल्हे नंतर फुटले. लँकेस्टर १७२९ साली झाला, यॉर्क १७४९ साली आणि बर्क्स १७५२ साली. शेत तिथंच राहिलं, पण कागद तीन ठिकाणी गेले.

३. चर्चच्या नोंदवह्या. त्या वेळी पाद्री थोडे होते. जॉन कॅस्पर स्टोव्हर नावाचे ल्युथरन पाद्री घोड्यावर बसून गावोगाव फिरत, बाप्तिस्मे आणि लग्नं लावत. त्याची नोंद ते आपल्या स्वतःच्या वहीत करत. ती वही १७३० पासून १७७९ पर्यंतची आहे. न्यूयॉर्ककडे पाद्री कोखरथाल यांच्या वहीत तर लग्नाच्या नोंदीसोबत नवरानवरीचं जर्मनीतलं गावही लिहिलेलं सापडतं. असा कागद हाती लागला की शोधणाऱ्याची दिवाळीच!

४. मोरावियन पंथाचे आत्मवृत्तांत. बेथलेहेम हे गाव या पंथाच्या लोकांनी १७४१ साली वसवलं. त्यांच्यात प्रत्येकानं आपल्या आयुष्याची हकिकत लिहून ठेवायची पद्धत होती. बायकांनीसुद्धा ती लिहिली. ही हस्तलिखितं बेथलेहेमच्या संग्रहात आजही जपून ठेवलेली आहेत.

५. जर्मन वर्तमानपत्रं. क्रिस्टोफर झाउअर यानं जर्मनटाउनमध्ये १७३९ साली जर्मन वर्तमानपत्र सुरू केलं. त्यात हरवलेल्या नातेवाइकांच्या जाहिराती असत. 'माझी बहीण अमुक गावची, अमुक साली आली, ती कुठं आहे?' अशा धर्तीच्या या चार ओळींत कधीकधी मूळ गावाचं नाव मिळून जातं.

जहाजाच्या याद्या

परके लोक इतके येऊ लागले की इंग्रज अधिकारी घाबरले. फिलाडेल्फियाच्या कौन्सिलनं सप्टेंबर १७२७ मध्ये ठरवलं, की जर्मन माणसांनी उतरताच राजाशी इमानदारीची शपथ घ्यावी आणि सही करावी. पहिली यादी २१ सप्टेंबर १७२७ ची, 'विल्यम अँड सारा' या जहाजाची. पुढं जहाजागणिक तीन याद्या होऊ लागल्या. एक कप्तानानं दिलेली उतारूंची यादी, आणि दोन वेगवेगळ्या शपथांखाली केलेल्या सह्यांच्या याद्या. सगळ्या जहाजांच्या तिन्ही याद्या मात्र टिकलेल्या नाहीत.

या याद्या स्ट्रासबर्गर आणि हिंके या दोघांनी १९३४ साली तीन खंडांत छापल्या. त्यांतल्या एका खंडात मूळ सह्यांचे ठसे जसेच्या तसे छापले आहेत. ते फार उपयोगाचे आहेत. कारण कप्तानाची यादी इंग्रज कारकुनानं कानाला ऐकू आलं तशी लिहिलेली, पण सही त्या माणसाची स्वतःची. पुढं त्यानं खरेदीखतावर किंवा मृत्युपत्रावर केलेली सही तिच्याशी ताडून पाहता येते. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुली किंवा नावाचं आद्याक्षर काढलं, आणि बाजूला कारकुनानं नाव लिहिलं.

पण यात एक मोठी त्रुटी आहे. शपथ फक्त सोळा वर्षांवरच्या पुरुषांनी घ्यायची होती. म्हणून बायका आणि मुलं बहुतेक याद्यांत नाहीतच. एखादी बाई चार लेकरं घेऊन, अडीच महिने जहाजात काढून इथं आली, पण तिच्या येण्याचा कागद नाही. तिला शोधायचं तर नवऱ्याच्या, भावाच्या किंवा मुलाच्या नावामागून शोधावं लागतं.

ज्यांच्याकडे भाड्याचे पैसे नव्हते

गावातून निघून ऱ्हाइन नदीनं रॉटरडॅमला जायचं. वाटेत जागोजाग जकातनाकी असत. गॉटलीब मिटेलबर्गर हा माणूस १७५० साली एक ऑर्गन वाद्य घेऊन पेनसिल्व्हेनियाला आला. चार वर्षांनी तो परत गेला आणि १७५६ साली त्यानं या प्रवासावर पुस्तक छापलं. नुसत्या नदीच्या प्रवासात छत्तीस जकातनाकी लागली, असं त्यानं लिहिलं आहे. तिथंच पुष्कळांची शिल्लक संपे. मग इंग्लंडच्या बंदरात थांबा आणि पुढं सात ते बारा आठवडे समुद्र.

ज्यांचं भाडं थकलेलं असे त्यांना फिलाडेल्फियाला जहाजावरून उतरू देत नसत. कुणीतरी जमीनदार किंवा व्यापारी जहाजावर येई, थकलेलं भाडं भरी, आणि त्या बदल्यात माणसाला काही वर्षं त्याच्याकडे राबावं लागे. मोठ्यांची साधारण तीन ते सहा वर्षं. मुलांना तर एकवीस वर्षांचं होईपर्यंत बांधून घेत. आईबाप एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, असं पुष्कळदा झालं. वाटेत आईबाप वारले तर त्यांच्या भाड्याचा बोजाही मुलांवर पडे.

न्यूयॉर्कला १७१० साली पाठवलेल्यांपैकी साडेचारशेच्या आसपास माणसं प्रवासातच गेली. अनाथ आणि गरीब मुलं तिथल्या गव्हर्नर हंटर यांनी घरोघरी उमेदवारीवर देऊन टाकली. त्या मुलांची यादी आजही आहे. मुलाचं नाव, वय, आईबापांचं नाव आणि ते कुणाकडे दिलं, एवढंच त्यात आहे. जोहान पीटर झेंगर हे त्यांतलंच एक नाव. वडील वाटेत वारलेले. तेरा वर्षांच्या पीटरला विल्यम ब्रॅडफर्ड नावाच्या छापखानेवाल्याकडे ठेवलं. पुढं त्यानं स्वतःचं वर्तमानपत्र काढलं आणि गव्हर्नरवर टीका छापली म्हणून तुरुंगात गेला. १७३५ साली ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा धडा शिकताना त्याचं नाव तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात येईल.

कॉनराड वायझर याचीही हकिकत अशीच आहे. तो १७१० साली वडिलांबरोबर आला, तेव्हा आई आधीच वारली होती. त्याच्या दोन धाकट्या भावांना लाँग आयलंडला लोकांच्या घरी दिलं. स्वतः कॉनराड एक हिवाळा मोहॉक लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, आणि पुढं पेनसिल्व्हेनिया सरकारचा दुभाषी म्हणून नावाला आला. त्यानं आपली हकिकत लिहून ठेवली, म्हणून हे आपल्याला कळतं. बहुतेकांनी लिहिली नाही.

१७६४ साली फिलाडेल्फियातल्या जर्मनांनी नव्यानं येणाऱ्यांच्या मदतीसाठी एक मंडळ काढलं. ते 'जर्मन सोसायटी ऑफ पेनसिल्व्हेनिया' या नावानं आजही चालू आहे आणि त्याचं ग्रंथालयही आहे.

नावांचा गोंधळ

आपल्या नावांचं इथं काय होतं ते तुम्हाला रोज शाळेत हजेरीच्या वेळी कळतंच! जर्मन नावांचंही तेच झालं.

काही नावांचं नुसतं स्पेलिंग बदललं. ह्यूबरचं हूवर झालं, श्नायडरचं स्नायडर, युंगचं यंग. प्रेसिडेंट हूवर यांचे पूर्वज अँड्रिआस ह्यूबर हे होते. प्रेसिडेंट आयझेनहॉवर यांचे पूर्वज हान्स निकोलस आयझेनहाउअर १७४१ साली फिलाडेल्फियाला उतरले.

काही नावांचं तर सरळ भाषांतर झालं. त्सिमरमान म्हणजे सुतार, त्याचं कारपेंटर झालं. श्नायडर म्हणजे शिंपी, म्हणून कुणी टेलर झालं. श्मिट म्हणजे लोहार, तो स्मिथ झाला. फुक्स म्हणजे कोल्हा, त्याचं फॉक्स. त्यामुळं एकाच बापाची दोन मुलं, एक स्नायडर आणि एक टेलर, असंही असू शकतं. आपल्याकडच्या सुतार, शिंपी, लोहार या आडनावांसारखीच ही नावं आहेत.

ऱ्हाइनकाठच्या बोलीत प आणि ब, ट आणि ड, क आणि ग यांतला फरक अस्पष्ट असतो. इंग्रज कारकुनाला बेकर ऐकू आलं की पेकर, डील की टील, हे त्याच्या कानावर अवलंबून. म्हणून शोधणाऱ्यानं नाव डोळ्यांनी वाचू नये, मोठ्यानं म्हणून पाहावं.

पाळण्यातल्या नावाचीही गंमत आहे. एकाच घरात जोहान जॉर्ज, जोहान आडाम, जोहान पीटर असे तीन भाऊ असत. 'जोहान' हे नुसतं पुढं लावायचं. घरात हाका जॉर्ज, आडाम आणि पीटर अशाच मारत. मुलींना ॲना किंवा मारिया लावत. पण 'जोहानेस' असं लिहिलेलं असेल तर मात्र ते खरंच हाक मारायचं नाव, म्हणजे इंग्रजीतला जॉन. बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागे. म्युलरच्या घरातली बाई म्हणजे म्युलरिन. हे माहीत नसलेला माणूस 'म्युलरिन' नावाचं घराणंच शोधत बसेल.

अकरा दिवस कुठं गेले?

इंग्लंड आणि तिच्या वसाहती १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत होत्या. जर्मनीतल्या कॅथलिक संस्थानांनी नवं कॅलेंडर सोळाव्या शतकातच घेतलं होतं, प्रॉटेस्टंट संस्थानांनी १७०० साली घेतलं. त्यामुळं १७४१ साली फिलाडेल्फियात १७ नोव्हेंबर होती, तेव्हा जर्मनीत २८ नोव्हेंबर होती. शेवटी १७५२ साली इंग्रजांनी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर धरली. म्हणजे कुणी '५ सप्टेंबर १७५२ रोजी फिलाडेल्फियात जन्म' असं लिहिलं असेल तर समजा की काहीतरी घोटाळा आहे. तो दिवस इथं उगवलाच नाही!

शिवाय तोवर इंग्रजांचं सरकारी वर्ष १ जानेवारीला सुरू होत नसे, ते २५ मार्चला होई. म्हणून इंग्रजी कागदावर फेब्रुवारी १७३९ दिसलं, तर ते आपल्या हिशेबानं १७४० असतं.

एक नमुना सोडवून पाहू

पुढच्या उदाहरणातली माणसं मनातली आहेत, पण पद्धत खरी आहे.

बर्क्स जिल्ह्यात एका थडग्यावर लिहिलं आहे: आडाम मिलर, मृत्यू २० ऑगस्ट १७९०, वय ६३ वर्षं ४ महिने १२ दिवस. करा वजाबाकी. जन्म ८ एप्रिल १७२७.

मिलर म्हणजे मूळचा म्युलर. याद्यांत जोहान आडाम म्युलर तीन सापडले. तिघांतला आपला कुठला? आपल्या आडामनं १७५५ च्या खरेदीखतावर जर्मन लिपीत झोकदार सही केली आहे. तिघांतल्या एकानं उतरताना फुली काढली होती, त्याला तूर्त बाजूला ठेवू. उरले दोन.

आता आडामच्या मुलाच्या बाप्तिस्म्याची नोंद काढू. तिथं गॉडफादर म्हणून जॉर्ज ह्यूबर आहे. मुलाचा गॉडफादर म्हणजे कुणीतरी जवळचा, नात्याचा किंवा गावचा. उरलेल्या दोन याद्यांपैकी एकीत आडामच्या खाली दोनच नावं सोडून जोहान जॉर्ज ह्यूबर आहे! एका गावची माणसं रांगेत एकत्र उभी राहत, म्हणून यादीतलं वरचं-खालचं नाव नेहमी पाहायचं.

आता असं खेडं शोधायचं, जिथं म्युलरही आहेत आणि ह्यूबरही. तिथल्या चर्चच्या वहीत ८ एप्रिल १७२७ ला जन्मलेला जोहान आडाम मिळाला, तर आनंद आहे, पण उड्या मारायच्या नाहीत. त्याच वहीतली मृत्यूची पानंही पाहायची. हा आडाम लहानपणीच वारला असेल तर? किंवा मोठा होऊन तिथंच लग्न करून राहिला असेल तर? तसं काही नाही, आणि आपला आडाम इथं आल्यानंतर तिकडच्या वहीत त्याचं नाव पुन्हा येत नाही, असं दिसलं की मगच बरोबरची खूण करायची.

शेजाऱ्यांवरून माणूस शोधायची ही पद्धत हेन्री जोन्स या संशोधकानं न्यूयॉर्कच्या लोकांसाठी वापरली. गव्हर्नर हंटरच्या शिधावाटपाच्या वह्यांतली नावं घेऊन त्यांनी ऱ्हाइनकाठच्या गावोगावच्या चर्चच्या वह्या तपासून घेतल्या, आणि १९८५ साली १७१० च्या ८४७ कुटुंबांवर मोठा ग्रंथ छापला. त्यांतल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांचं मूळ त्यांना सापडलं.

जर्मनीतले कागद

चर्चच्या वह्यांत जन्म, लग्न आणि मृत्यू मिळतात. त्यांची लिपी 'कुरेंट' नावाची, तिरकी आणि पळती. तिच्यातला 'ई' आपल्याला 'एन'सारखा दिसतो. आपल्या आजोबा-पणजोबांचे मोडी लिपीतले कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही अडचण लगेच कळेल. मराठी येतं पण कागद वाचता येत नाही, तशातलीच गत.

शिवाय अनेक शेतकरी तिथल्या संस्थानिकाचे बांधील होते. गाव सोडायचं तर परवानगी काढावी लागे आणि मुक्ततेची रक्कम भरावी लागे. त्याच्या नोंदी तिथल्या दप्तरखान्यांत आहेत. कर घेणाऱ्यानं हिशेबासाठी केलेली नोंद आज नातवंडा-पणतवंडांना गाव दाखवते! अर्थात काही जण परवानगी न घेता रातोरात निघून गेले. त्यांचा कागद नाही. कायझर्सलाउटर्न इथल्या संस्थेनं फाल्त्स भागातून परदेशी गेलेल्यांची पत्रकं जमवलेली आहेत. ॲनेट बर्गर्ट या बाईंनी एकेका भागातली खेडी घेऊन तिथून आलेल्यांच्या याद्या १९८३ पासून पुस्तकरूपानं छापल्या.

पूर्वी या वह्यांच्या मायक्रोफिल्मची रिळं सॉल्ट लेक सिटीहून मागवून पाहावी लागत. ती पद्धत २०१७ साली बंद झाली. आता पुष्कळशा वह्या संगणकावर पाहता येतात. जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्यांसाठी 'आर्किऑन' ही सोय २०१५ पासून आहे. डीएनए चाचणीही लोक करतात. दोन माणसांचा पुरुषाकडून पुरुषाकडे येणारा डीएनए जुळला तर त्यांचा कुणीतरी एक पूर्वज असावा, एवढं कळतं. तो कुठल्या खेड्यातला होता ते डीएनए सांगत नाही. त्यासाठी कागदच लागतो.

आपल्यासाठी

या सगळ्या शोधात लोकांची वर्षानुवर्षं एकाच गोष्टीसाठी जातात, ती म्हणजे खेड्याचं नाव. आलेल्या माणसाला ते पाठ होतं. त्याच्या मुलांनाही माहीत होतं. म्हणूनच कुणी लिहून ठेवलं नाही. नातवंडांपर्यंत 'आम्ही जर्मनीचे' एवढंच उरलं.

आपण आज त्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या जागी आहोत. 'आम्ही इंडियातून आलो' किंवा 'आम्ही महाराष्ट्राचे' एवढं पुरणार नाही. गाव, तालुका आणि जिल्हा लिहायला हवा, तोही साल घालून. जिल्हे आपल्याकडेही बदलतात. मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होतं, आता सिंधुदुर्गात आहे. आजोबांच्या दाखल्यावर एक जिल्हा आणि बाबांच्या पासपोर्टवर दुसरा, असं दिसलं तर दोन्ही बरोबर असू शकतात.

आणि आजींना विसरू नका. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींतही पुष्कळदा पुरुषांचीच नावं असतात. आजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव ही तिन्ही लिहा. तिला विचारल्याशिवाय ती कळणार नाहीत, आणि आज फोन करून विचारता येतं.

करून पाहा

१. एका पानावर आपल्या चारही आजीआजोबांचं पूर्ण नाव देवनागरीत आणि इंग्रजीत लिहा. इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवर वेगळं असेल तर तेही लिहा.

२. प्रत्येकाचं जन्मगाव, तालुका आणि जिल्हा लिहा. आजीचं माहेर वेगळ्या ओळीत लिहा.

३. घरातल्या जुन्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं हलक्या हातानं नावं आणि साल लिहा. लिहिण्याआधी आई-बाबांना विचारा!

४. थडग्याच्या गणितासारखं गणित करा: एका माणसाचा मृत्यू १५ जून १७८८ रोजी झाला, वय ७० वर्षं २ महिने ५ दिवस. जन्म कधीचा?

पालकांनी या वेळी मुलांना उत्तरं आयती सांगू नयेत. आजी-आजोबांना फोन लावून द्यावा आणि बाजूला बसावं. वह्या पुढच्या वर्गाला घेऊन या. गणिताचं उत्तर तेव्हाच फळ्यावर मिळेल.